आधी जुने वायसर मोजा : हंगामाआधी लाँचचे टॅपेट आणि नोझल

पावसाळा सरला की कोयनेच्या शिवसागर जलाशयातून वासोटा किल्ल्याला जाणाऱ्यांची गर्दी सुरू होते. त्याआधी बामणोली, तापोळा, शेंबडी, मुनावळे इथल्या प्रत्येक लाँचच्या डिझेल इंजिनाचे टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधलं अंतर) लावून आणि नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) तपासून व्हायला हवेत. मी हे काम बरीच वर्षं करतोय. तरीही मागच्या हंगामात एका तांब्याच्या वायसरनं, म्हणजे नोझलच्या बुडाशी बसून गॅस अडवणाऱ्या चकतीनं, मला भर पाण्यात उभं केलं. म्हणून ही तयारी लिहून काढतोय.

झालं ते असं. तीन नंबरच्या सिलिंडरला नोझल बसतो त्या भोकात जुना वायसर तळाला चिकटून राहिला होता. काजळीनं इतका माखलेला, की तो हेडचाच भाग वाटला. मी त्याच्यावर नवा वायसर टाकला आणि नोझल कसला. एकाच्या जागी दोन वायसर झाले आणि नोझल दोन मिलिमीटर वर राहिला. धक्क्यावर इंजिन चालू केलं तर आवाज ठीक, धूर नाही. वासोट्याच्या पायथ्याच्या मेट इंदवलीहून भरलेली लाँच घेऊन परत निघालो आणि थ्रॉटल ओढल्याबरोबर काळा धूर आला. पंधरा मिनिटांनी तीन नंबरपाशी फस् फस् आवाज सुरू झाला आणि नोझलच्या बुडातून गॅस बाहेर यायला लागला. इंजिन बंद करावं लागलं. बारा माणसं, त्यात दोन लहान मुलं, दिवस मावळायला आलेला आणि वारा लाँचला उलट्या दिशेला नेतोय. दुसऱ्या लाँचनं ओढून आणेपर्यंत ती मुलं आईला चिकटून बसली होती. ते मी विसरलेलो नाही.

तर पहिली गोष्ट, बाकी सगळ्याच्या आधी : जेवढे नोझल काढाल तेवढे जुने वायसर हातात आले पाहिजेत. चार नोझल, चार वायसर. तीन आले तर काम तिथंच थांबवा.

आता बाकीचं. इंजिनाचं पुस्तक जवळ ठेवा. टॅपेटचं अंतर, नोझलचं प्रेशर, नट किती कसायचे, हे प्रत्येक इंजिनाचं वेगळं असतं. शेजारच्या लाँचचं माप आपल्या इंजिनाला लावू नका. आमच्या चार सिलिंडरला थंड इंजिनावर इनलेट ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.३० मिलिमीटर आहे, नोझल २०० बारला उघडतो. टॅपेट दर २५० तासांनी आणि नोझल ५०० तासांनी बघायचे असं त्यात दिलंय. तासांचं मीटर बंद असेल तर फेऱ्या मोजून वहीत लिहा, अंदाजावर राहू नका.

सामान साताऱ्याहून एकदाच आणा. कास पठारावरून जाऊन यायचं म्हणजे दिवस मोडतो, आणि एका वायसरसाठी तो मोडला तर जीव जातो. नोझलचे तांब्याचे वायसर चार लागतात, तुम्ही सहा घ्या. जाडी जुन्या वायसरशी ताडून घ्या, कारण नोझलचं टोक आत किती उतरतं ते त्या जाडीवर ठरतं. उरलेलं डिझेल टाकीत परत नेणाऱ्या रिटर्न लाइनच्या बॅन्जो (पोकळ) बोल्टचे छोटे वायसर वेगळे, तेही घ्या. रॉकर कव्हरचं (व्हॉल्व्हवरच्या झाकणाचं) पॅकिंग, फिलर गेज (अंतर मोजायच्या पातळ पट्ट्या), टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानं कसायचा), डिझेल फिल्टर, पितळी ब्रश. पाने सगळ्यांकडं असतातच. पुसायला कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे नोझलमध्ये जातात. धुतलेलं जुनं धोतर फाडून ठेवा. आणि एक जाड तार, जिचं टोक आकड्यासारखं वाकवलेलं आहे, आणि एक चांगली बॅटरी, म्हणजे टॉर्च. या दोन वस्तू माझ्याकडं मागच्या वेळी नव्हत्या. भोकात अंधार असतो आणि तळ दिसत नाही. लोहचुंबकाची काडी घेऊन जाल तर उपयोग नाही, तांबं चुंबकाला चिकटत नाही.

लाँचवर काम करताना गाडीच्या गॅरेजची सवय सोडा. तुम्ही एका बाजूला वाकलात की लाँच कलते आणि पाना घरंगळतो. इंजिनाखाली ताडपत्री आणि पसरट घमेलं ठेवा, छोटे नट डब्यात टाका. लाँचच्या तळातलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाचा स्विच बंद करा, नाहीतर सांडलेलं डिझेल तो सरळ शिवसागरात ओतेल. हे अभयारण्याचं पाणी आहे, त्याच्या काठावर गावं आणि गुरं आहेत. मग इंजिनाच्या बॅटरीचा मेन काढा. तुमचा हात आत असताना पोरानं वरून चावी फिरवली तर बोटं जातील.

इंजिन पूर्ण थंड हवं. आदल्या रात्री बंद केलेलं, सकाळी उघडायचं.

पावसाळ्यात चार महिने उभ्या राहिलेल्या इंजिनाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडचा पाऊस आणि ओल वेगळीच. ज्यांचा एक्झॉस्ट पाण्यातून जातो त्यांच्या पाइपात ओल राहते आणि जो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल त्याच्या दांड्यावर गंज धरतो. व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकतो. अशा वेळी सरळ स्टार्टर मारला तर पुशरॉड वाकतो, नाहीतर पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो. म्हणून आधी रॉकर कव्हर काढा. जो व्हॉल्व्ह मिटलेला आहे त्याच्या स्प्रिंगच्या टोपीवर हातोडीच्या लाकडी दांड्यानं हलकेच ठोका. व्हॉल्व्ह खाली जाऊन टणकन परत वर आला पाहिजे. आळसावल्यासारखा आला तर दांड्याजवळ डिझेल आणि ऑइलचं मिश्रण सोडा आणि रात्रभर राहू द्या. घाईनं ठोकत बसू नका.

नोझल काढण्याआधी सगळा भाग ब्रशनं झाडून डिझेलनं धुवा. वरची घाण भोकातून सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा खाते. हाय प्रेशर पाइप दोन्ही टोकांनी सोडून चारही काढा. एक टोक सोडून दुसरं वाकवायचं हा आळस पाइपाला चीर पाडतो. उघड्या तोंडांना टोप्या घाला. नोझलवर नंबर घाला. आता नोझल उचला आणि त्याच्या टोकाकडं बघा. वायसर नोझलबरोबर आला का? आला तर डब्यात त्याच नंबरच्या कप्प्यात टाका. नाही आला तर तो खाली आहे. खाली आहेच. गळून कुठं गेला असेल, मागच्या मिस्त्रीनं घातलाच नसेल, असल्या समजुती करून घेऊ नका, मी तीच करून घेतली होती. बॅटरी धरा, तारेचा आकडा घाला आणि बाहेर काढा. घट्ट असेल तर वायसरच्या भोकात बसेल असा निमुळता टॅप हातानं दोन आटे फिरवा आणि वर ओढा. काढल्यावर भोकाचा तळ पितळी ब्रशनं घासा, ग्रीस लावलेल्या कापडानं काजळी उचला आणि परत बॅटरीनं बघा. तळाला चकचकीत धातूचं कडं पूर्ण गोल दिसलं पाहिजे. मग भोकाला रबरी बूच लावा. एक भोक पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. चार वायसर डब्यात दिसले की पुढं चला.

नोझल साताऱ्यात पंप-नोझलवाल्याकडं टाकून निघून येऊ नका. मशिनवर लावताना स्वतः उभे राहा. चारही नोझल एकाच प्रेशरला उघडले पाहिजेत. फवारा धुक्यासारखा आणि सगळ्या भोकांतून सारखा हवा, एखादी धार सरळ पिचकारीसारखी जात असेल तर तो नोझल बाद. उघडण्याच्या प्रेशरपेक्षा दहा बार कमी ठेवून दहा सेकंद थांबवायला सांगा, टोकावर थेंब लोंबता कामा नये. थेंब टाकणारा नोझल पिस्टनचं डोकं जाळतो. आणि फवाऱ्यासमोर हात नेऊ नका. २०० बारचं डिझेल कातडी भेदून आत जातं, वर फक्त सुईएवढा ठिपका दिसतो आणि आत मांस सडतं. असं झालं तर दुखत नाही म्हणून घरी जाऊ नका, लगेच दवाखान्यात जा आणि डिझेल टोचलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. त्या पंप-नोझलच्या लॅबवाल्यानं नोझलला आपणहून नवे वायसर लावून दिले असतील तर त्याचीही नोंद ठेवा. नाहीतर इकडं तुम्ही आणखी एक घालाल आणि परत दोन होतील.

नोझल बाहेर असतानाच टॅपेट लावून घ्या. कॉम्प्रेशन नसल्यामुळं क्रँकच्या पुलीला रिंग पाना लावून इंजिन हातानं सहज फिरतं. फिरवायचं चालतं त्याच दिशेनं. फोर स्ट्रोकला एका चक्रात क्रँक दोनदा फिरतो, त्यामुळं फ्लायव्हीलची खूण जुळली म्हणजे एक नंबर कॉम्प्रेशनवर आहे असं होत नाही. चार सिलिंडरला बेरीज पाच हे लक्षात ठेवा : चारचे व्हॉल्व्ह हलत असताना, म्हणजे एक्झॉस्ट मिटतोय आणि इनलेट उघडतोय त्या क्षणी, एकचे टॅपेट लावायचे. तीनचे हलताना दोनचे, दोनचे हलताना तीनचे, एकचे हलताना चारचे.

फिलर गेज हलक्या हाताला किंचित चिकटत सरकलं पाहिजे. लॉकनट कसल्यावर अंतर बदलतं, म्हणून कसून झाल्यावर परत तपासा. रॉकरच्या टोकाला खड्डा पडला असेल तर गेज त्या खड्ड्यावरून आडवं जातं आणि खरं अंतर गेजपेक्षा जास्त राहतं. असा रॉकर बदला. एक्झॉस्टला अंतर जास्त का, हे नव्या पोरांना सांगा. तो जास्त तापतो आणि तापून लांबतो. अंतर कमी ठेवलं तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, फटीतून ज्वाळा जाते आणि कड जळते. टॅपेटचा आवाज नको म्हणून अंतर कमी करणारे मिस्त्री मी पाहिलेत. त्यांच्या हाताखालच्या इंजिनांचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळलेलेही पाहिलेत.

अंतर बरोबर असून एखाद्या सिलिंडरला कॉम्प्रेशन नसेल तर हेड उतरवून व्हॉल्व्ह घासायचं काम आहे. ते वेगळं, त्याला चार दिवस धरा.

आता नोझल बसवणं. बूच काढा, बॅटरीनं परत तळ बघा. चकचकीत कडं दिसतंय? एक नवा वायसर, एकच. तो वाटेत आडवा होऊ नये म्हणून थोड्या ग्रीसनं नोझलच्या टोकालाच चिकटवा. जुनाच वापरायची वेळ आली तर लालभडक तापवून पाण्यात टाका म्हणजे तांबं मऊ होतं, पण ती अडचणीतली सोय आहे, सहा वायसर आणले असतील तर गरज पडत नाही. क्लॅम्पचे दोन्ही नट आलटून पालटून, टॉर्क पान्यानं कसा. एकीकडून आवळला किंवा जोर करून आवळला तर नोझलची बॉडी पिळली जाते आणि आतली सुई अडकते, मग लॅबचे पैसे पाण्यात. रॉकर कव्हर लावण्याआधी डबा उघडून जुने वायसर पुन्हा मोजा. चार. नव्यांतले किती उरले? सहातले दोन. हा हिशेब जुळला नाही तर चारही नोझल परत उचला, रात्र झाली तरी उचला.

एअर काढणं, म्हणजे डिझेलच्या लाइनीत अडकलेली हवा बाहेर सोडणं. फिल्टर, मग पंप, शेवटी नोझलजवळचे नट. इंजिनाला बाहेरून थंड पाणी घेणारा कॉक इथं बंद ठेवा. इंजिन धरत नसताना वारंवार स्टार्टर मारला तर पाण्याचा पंप एक्झॉस्टमध्ये पाणी भरत राहतो, ते बाहेर फेकायला धूर नसतो, आणि ते उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये येतं. स्टार्टर एका वेळी दहा सेकंद, मग विश्रांती. इंजिन धरल्याबरोबर कॉक उघडा, लगेच.

गळती बघा. आयडलवर एकेका पाइपचा नट जरा सैल करून आवाज पडतो का बघायचा, ज्याला पडत नाही तो सिलिंडर काम करत नाही. हे फक्त जुन्या पंपाच्या इंजिनावर, कापड टाकून आणि हात लांब ठेवून. कॉमन रेलच्या (सगळ्या नोझलना एकाच नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या) इंजिनावर कधीही नाही, तिथं प्रेशर हजार बारच्या पुढं जातं.

धक्क्यावर पास झालेलं इंजिन पास समजू नका. माझं झालं होतं. रिकामी लाँच घेऊन, सोबतीला दुसरी लाँच ठेवून, अर्धा तास पूर्ण थ्रॉटलवर चालवा. परत आल्यावर प्रत्येक नोझलच्या बुडाशी साबणाचं पाणी टाका. बुडबुडा आला तर वायसर.

वहीत तारीख, तास, अंतरं, नोझलचं प्रेशर. जुने चार वायसर तारेत ओवून इंजिनाच्या खोलीत खिळ्याला टांगा.