फ्लूची रॅपिड टेस्ट: स्वॅब नीट घ्या आणि निगेटिव्हवर लगेच विसंबू नका

वॉर्डात रॅपिड टेस्ट म्हटलं की सगळं लक्ष किटकडे असतं, पण टेस्ट जमणार की फसणार ते बरंचसं स्वॅब घेतानाच ठरतं.

आधी विचारा लक्षणं कधी सुरू झाली. पहिल्या 3-4 दिवसांत सॅम्पल घेतलं तर उत्तम, नंतर नाकातला व्हायरस कमी होत जातो आणि अँटिजेन टेस्टला (म्हणजे व्हायरसची प्रथिनं शोधणाऱ्या या रॅपिड टेस्टला) तो सापडत नाही. ही तारीख फॉर्मवर लिहाच, कारण रिपोर्टचा अर्थ लावताना डॉक्टर सगळ्यात आधी तेच विचारतात.

आता स्वॅब. किटसोबत आलेलाच वापरा, लाकडी दांडीचा नको. मास्क, ग्लोव्हज, डोळ्यांना शील्ड घाला कारण पेशंट शिंकतोच. त्याला नाक शिंकरायला सांगा, डोकं थोडं मागे टेकवा आणि स्वॅब वर डोळ्यांच्या दिशेने नाही तर सरळ मागे, टाळूला समांतर न्या. नाकपुडीपासून कानाच्या छिद्रापर्यंत जेवढं अंतर, साधारण तेवढं आत जायला हवं, बरेच जण अर्ध्यावरच थांबतात आणि मग हाती नुसता शेंबूड येतो, पेशी येतच नाहीत. मध्येच अडलं तर जोर लावू नका, दुसरी नाकपुडी बघा. मागे टेकला की काही सेकंद तसाच ठेवा, मग हळूहळू फिरवत बाहेर काढा. डोळ्यांत पाणी येणार हे पेशंटला आधीच सांगा, सांगितलं की तो हात झटकत नाही. काही किट नाकाच्या पुढच्या भागातल्या स्वॅबवर चालतात, तेव्हा किटचा कागद वाचाच.

फ्रिजमधलं किट रूम टेंपरेचरला येऊ द्या. टायमर लावा, बहुतेक किटचा रिझल्ट 10-15 मिनिटांत येतो, पण उशिरा बघितलं तर खोटी रेघ दिसू शकते. सी ची (कंट्रोलची, म्हणजे किट नीट चाललं हे दाखवणारी) रेघ आली नाही तर टेस्ट बाद, नवीन किट घेऊन परत करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अँटिजेन टेस्टची सेन्सिटिव्हिटी (खरंच आजार असलेल्यांना पकडण्याची क्षमता) साधारण 50 ते 70 टक्के असते, म्हणजे फ्लू असलेले बरेच पेशंट निगेटिव्ह येतात. पॉझिटिव्ह आली तर सीझनमध्ये बिनधास्त धरा, सीझन नसताना मात्र खोट्या पॉझिटिव्हची शंका ठेवा. अ‍ॅडमिट पेशंटला शक्य असेल तर आरटी-पीसीआर किंवा रॅपिड मॉलिक्युलर टेस्टच (व्हायरसचा जनुकीय अंश शोधणारी) करा, आणि अँटिजेन निगेटिव्ह आली म्हणून आयसोलेशन काढून शेजारच्या म्हाताऱ्या पेशंटजवळ बेड देऊ नका, कृपया. संशय पक्का असेल तर ओसेल्टामिविर हे फ्लूचं औषध रिपोर्टसाठी थांबवायचं नाही, पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर फायदा जास्त, आणि आजार गंभीर असेल तर उशीर झाला तरी डॉक्टर देतात.

व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचा नाकातला स्वॅब निगेटिव्ह असेल तर ट्यूबमधून खालच्या श्वासमार्गाचं सॅम्पल पाठवा, व्हायरस कधीकधी तिथेच सापडतो.