गॅस डिटेक्टर कॅलिब्रेशनला ‘फेल’ दाखवतोय? आधी हे बघा

हवेतले घातक वायू आणि ऑक्सिजन मोजणारा हा मीटर, प्रमाण माहीत असलेला गॅस देऊन जुळवणं म्हणजे कॅलिब्रेशन. त्यात ‘फेल’ आलं की लगेच महागडा सेन्सर मागवला जातो. बऱ्याचदा दोष त्या गॅसचा सिलिंडर, नळी किंवा हवेत असतो.

१. सिलिंडरची एक्स्पायरी आणि प्रेशर बघा. त्यावर छापलेले गॅसच्या प्रमाणाचे आकडे मीटरमधल्या सेटिंगशी जुळतात का तेही तपासा. नवीन सिलिंडर आला की हे हमखास विसरलं जातं.

२. झिरो (म्हणजे स्वच्छ हवेत घातक वायूंचा आकडा शून्यावर आणणं) आधी, गॅस नंतर. झिरो मोकळ्या, स्वच्छ हवेत करा. गाडीचा धूर नको आणि हाताला नुकतंच लावलेलं सॅनिटायझरही नको, कारण अल्कोहोलच्या वाफेने कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर फसतो. ऑक्सिजन २०.९ टक्के दिसला पाहिजे.

३. फक्त हायड्रोजन सल्फाइडच कमी येतंय? नळी बदला. भलत्या किंवा लांबलचक नळीत हा गॅस वाटेतच शोषला जातो. कंपनीने दिलेली आखूड नळीच वापरा, रेग्युलेटरही मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या फ्लोचाच.

४. फिल्टरवरची धूळ-ओल बघा, आकडा स्थिरावू द्या, मग कॅलिब्रेशन पुन्हा करा.

एवढं करूनही फेल आलं, तर सेन्सर बदलायचाच. तोवर तो मीटर घेऊन कुणालाही टाकीत उतरू देऊ नका.