त्वचेसाठी सुकामेवा खाताय? पावसाळ्यात या चुका टाळा

गेल्या वर्षी मे महिन्यात पुरुमेंताच्या, म्हणजे आमच्या गोव्यातल्या पावसाळी साठवणीच्या खरेदीत सोलां (आमसुले), सुकी मिरची, चिंच यांच्यासोबत अर्धा किलो अक्रोड घेतले. घरात दोघांची त्वचा कोरडी पडली होती, म्हणून पावसाळाभर रोज थोडे खायचे ठरले. पिशवीला गाठ मारून ती ओट्याखालच्या डब्यात ठेवली. जुलैत उघडली तर जुन्या रंगासारखा वास. सासूबाई म्हणाल्या, "टाकून दे गो." मला जीव होईना. भाजून, गूळ घालून लाडू वळले आणि सगळ्यांना खाऊ घातले. आज डिचोलीतल्या ओळखीच्या घरांत हीच चूक दिसते, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते.

अक्रोड, बदाम, शेंगदाणे आपण ज्यासाठी खातो ते त्यांच्या तेलात असते. आपल्या दमट हवेत हे तेल लवकर खवटते. बदामातले ई जीवनसत्त्व पेशींच्या आवरणातल्या स्निग्धांशाला जपते, म्हणून त्वचेसाठी त्याचे नाव घेतात. पण डब्यात पडून असताना तेच जीवनसत्त्व बदामाच्या तेलाला खवटण्यापासून वाचवण्यात खर्ची पडते. वास आला म्हणजे तुमच्या वाट्याचे बरेचसे संपले आहे. भाजल्याने वास झाकला जातो, गेलेले परत येत नाही.

बुरशी याहून वाईट. शेंगदाण्यांवर हिरवट-पिवळी बुरशी धरली की त्यात अफ्लाटॉक्सिन तयार होऊ शकते. ते यकृताला घातक असते आणि घरच्या भाजण्याने पूर्ण जात नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते रोगप्रतिकारशक्ती दाबतानाही दिसले आहे. 'खराब दाणे निवडून बाकीचे वापरू' हा हिशेब इथे चालत नाही. कडवट, सुरकुतलेला, डागाळलेला दाणा तोंडात आला तर थुंकून टाका. मे महिन्यात किलोकिलोने भरण्यापेक्षा पावसात पंधरा दिवसांपुरते घ्या, घट्ट झाकणाच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. बरणी बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. ती खोलीइतकी कोमट होऊ द्या, नाहीतर आत दव धरते आणि सगळी मेहनत फुकट जाते.

दुसरी चूक म्हणजे सगळ्यांना एकाच मापाने मोजणे. काजू आपला, म्हणून तोच सगळ्याला पुरेल असे वाटते. १०० ग्रॅम बदामात ई जीवनसत्त्व सुमारे २५ मिलिग्रॅम असते, काजूत जेमतेम १. काजूची ताकद तांबे आणि जस्तात आहे. जखम भरायला आणि प्रतिकार करणाऱ्या पेशी घडायला जस्त लागते. तरी मूठभर काजूतून दीडेक मिलिग्रॅमच मिळते. भारतीय शिफारस पुरुषांना दिवसाला १७ आणि स्त्रियांना १३.२ मिलिग्रॅमची आहे. उरलेले डाळी, तीळ, मासे यांतूनच यायला हवे. कालवे खाणाऱ्या घरांना ते सोपे जाते. क जीवनसत्त्व मात्र काजूगरात जवळपास नाहीच. ते बोंडूत, म्हणजे काजूच्या रसाळ फळात आहे, संत्र्याच्या चार-पाच पट, आणि तोच बोंडू आपण झाडाखाली कुजू देतो! मार्च-एप्रिलमध्ये ताजा निरो, म्हणजे बोंडूचा रस प्या. पावसाळ्यात पेरू आहे, थंडीत आवळा.

बदामाने सुरकुत्या कमी होतात अशी बातमी फिरते. तो २०२१चा अभ्यास कॅलिफोर्नियात झाला, रजोनिवृत्त आणि उन्हात पटकन भाजणाऱ्या गोऱ्या त्वचेच्या ४९ स्त्रियांवर. बदाम खाणाऱ्या गटाला दिवसभराच्या उष्मांकांपैकी २० टक्के बदामातून दिले होते आणि खर्च तिथल्या बदाम उत्पादकांच्या मंडळाने केला होता. निष्कर्ष आशादायक आहे, पण रोजच्या चार भिजवलेल्या बदामांवर आणि आपल्या सावळ्या त्वचेवर तो जसाच्या तसा लावू नका. भिजवायचे तर चावायला मऊ म्हणून भिजवा. साल फेकायची गरज नाही, तिच्यातही उपयोगी द्रव्ये असतात.

ओल्या काजूगरांच्या दिवसांत हात भाजतात ते टरफलातल्या चिकामुळे. त्यात अॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असते. सोलण्याआधी हातांना खोबरेल चोळा, चीक लागला तर साबणाने लगेच धुवा. टाचांच्या भेगांवर काजूच्या टरफलाचे तेल लावायची जुनी रीत आता सोडाच. मधुमेह असलेल्यांनी तर नक्कीच.

हल्ली 'इम्युनिटीसाठी' ब्राझील नट मागवतात. त्याच्या एकाच दाण्यात दिवसभराचे सेलेनियम हे खनिज भरून वर उरू शकते. रोज मूठभर खाल्ले तर केस गळणे आणि नखे ठिसूळ होणे, म्हणजे हव्या त्याच्या उलट.

आणि दोन महिने नीट खाऊनही कातडीवर फरक नसेल तर? आधी आरशात नीट पाहा. जांघेत, काखेत, कमरेला गोल, कडा लाल आणि खाज येणारे चट्टे असतील तर तो बहुधा नायटा. तो बदामाने जात नाही. दुकानातून स्टिरॉइड मिसळलेले मलम आणून लावले तर आठवडाभर बरे वाटते आणि मग दुपटीने पसरते. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. सतत कोरडेपणा आणि थकवा असेल तर थायरॉइड तपासा.

काजू खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या तर 'उष्ण पडला' म्हणून सोडून देऊ नका. ती अॅलर्जी असू शकते. काजू आणि पिस्ता एकाच कुळातले, त्यामुळे एकाचा त्रास होणाऱ्याला बऱ्याचदा दुसऱ्याचाही होतो. ओठ सुजले, श्वास अडकला तर थेट १०८. अशा माणसाने लग्नाच्या जेवणात रस्सा वाढून घेण्याआधी विचारावे, कारण वाटणात गेलेला काजू दिसत नाही.