ऑर्बिटरमध्ये लघुग्रह बसवताना या चुका टाळा

ऑर्बिटर या अंतराळउड्डाणाच्या सिम्युलेटरमध्ये बसवलेला लघुग्रह दिसतच नाही, किंवा दिसतो पण भलत्याच ठिकाणी, अशी तक्रार करणारे बहुतेक जण अ‍ॅड-ऑन (वरून जोडायच्या फाइलींचा संच) बनवणाऱ्याला दोष देऊन मोकळे होतात. दोष सहसा त्याचा नसतो. मार्टिन श्वायगर यांचा ऑर्बिटर २००० सालापासून लोकांच्या हातात आहे, २०२१ मध्ये तो ओपन सोर्सही झाला, पण त्याचा एक स्वभाव तसाच राहिला: फाइलमध्ये चुकीचा आकडा असला तरी तो तक्रार करत नाही. मुकाट्याने वाचतो आणि लघुग्रह चुकीच्या जागी फिरवत बसतो.

पहिली चूक झिप उघडतानाच होते. सूर्यमालेत कोणकोणते गोल आहेत याची यादी कॉन्फिग फोल्डरमधल्या ‘सोल’ नावाच्या फाइलीत असते. बऱ्याच अ‍ॅड-ऑनच्या झिपमध्ये या फाइलीची स्वतःची प्रत असते. विंडोजने ‘बदलू का?’ विचारले की आपण सवयीने ‘हो’ म्हणतो, आणि आधी बसवलेले सगळे लघुग्रह एका झटक्यात यादीतून जातात. मग जुना सीनेरिओ (साठवलेली उड्डाणाची स्थिती) उघडला, त्यात यान अशाच एका गायब गोलाभोवती फिरत असले, की सिम्युलेटर थेट बंद पडतो. म्हणून ही फाइल कधीही बदलू देऊ नका. झिपमधली प्रत नोटपॅडमध्ये उघडा, नव्या लघुग्रहाची ओळ उचला आणि आपल्या यादीच्या शेवटी चिकटवा. ग्रहांना दिलेले क्रमांक सलग हवेत. मध्ये एक आकडा गाळला तर पुढचे गोल वाचले जात नाहीत, आणि एकच आकडा दोनदा आला तर दोघांपैकी एकच मोजला जातो.

नोटपॅडचा आणखी एक खोडसाळपणा लक्षात ठेवा. नवी फाइल साठवताना तो नावाच्या शेवटी गुपचूप टीएक्सटी जोडतो. विंडोजमध्ये एक्स्टेन्शन लपवलेले असेल तर नाव अगदी बरोबर दिसते, फाइल मात्र सापडत नाही. शिवाय कीबोर्ड मराठीवर राहिला आणि अंक देवनागरीत पडले तर ऑर्बिटर त्यांना अंक म्हणून ओळखणार नाही. काय बिनसले हे पाहायला ऑर्बिटरच्या मुख्य फोल्डरमधली लॉग फाइल उघडा. ती अपुरी असते, तरीही अंदाज बांधत बसण्यापेक्षा बरी.

आता खरी गोम. तयार अ‍ॅड-ऑन न मिळाल्यामुळे जे लोक स्वतःच कॉन्फिग फाइल लिहितात, ते नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेच्या लघुपिंडांच्या डेटाबेसमधून कक्षेचे आकडे घेतात. हे योग्यच, पण आकडे जसेच्या तसे उतरवता येत नाहीत. जेपीएल अंतर खगोलीय एककात (पृथ्वी ते सूर्य हे सरासरी अंतर म्हणजे एक एकक), कोन अंशात, व्यास किलोमीटरमध्ये आणि स्वतःभोवती फिरण्याचा काळ तासांत देते. ऑर्बिटरला मीटर, रेडियन, सेकंद आणि व्यासाऐवजी त्रिज्या लागते.

इरॉस या लघुग्रहाचे उदाहरण घ्या. अर्ध दीर्घ अक्ष (कक्षेच्या लांब व्यासाचा अर्धा भाग) १.४५८ खगोलीय एकक. एक एकक म्हणजे १४९५९७८७०७०० मीटर, म्हणून गुणाकार सुमारे २.१८१ गुणिले १० चा ११ वा घात. कक्षेचा कल १०.८३ अंश म्हणजे ०.१८९ रेडियन. तिथे नुसते १०.८३ लिहिले तर तो कोन ६२० अंशांचा होतो. सरासरी व्यास १६.८४ किलोमीटर, म्हणजे आकाराच्या जागी ८४२० लिहायचे. ५.२७ तासांचे होतात १८९७२ सेकंद.

इथवर बहुतेक जण सावध असतात. फसतात ते पुढच्या दोन कोनांत. जेपीएल आरोही पाताचा कोन (कक्षा पृथ्वीच्या कक्षेचे प्रतल वर जाताना कुठे छेदते), उपसूर्य बिंदूचा युक्तिकोन (त्या छेदापासून सूर्याच्या सर्वात जवळचा बिंदू किती पुढे आहे) आणि मीन अ‍ॅनोमली (त्या क्षणी लघुग्रह कक्षेत किती पुढे आला आहे) असे तीन वेगळे कोन देते. ऑर्बिटर पाताचा कोन (रेडियनमध्ये बदलून) तसाच घेतो, पण त्यापुढे त्याला ‘लाँग पेरिहेलियन’ आणि ‘मीन लाँगिट्यूड’ हवे असतात, आणि त्या दोन्ही बेरजा आहेत. पहिली पहिल्या दोन कोनांची, दुसरी तिन्ही कोनांची. इरॉसचे ३०४.३ आणि १७८.८ मिळून ४८३.१, त्यातून ३६० वजा केले की उरतात १२३.१ अंश. बेरीज न करता १७८.८ अंशच धरलेत तर दीर्घवर्तुळाचा आकार अचूक येतो, कलही अचूक येतो, फक्त लांबट टोक भलतीकडे वळलेले असते. नकाशावर पाहून हे कळतच नाही.

एपॉकचेही, म्हणजे हे आकडे ज्या क्षणाचे आहेत त्या तारखेचेही तसेच. जेपीएल तो ज्युलियन दिवसांत (सलग मोजलेल्या दिवसांच्या क्रमांकात) देते, ऑर्बिटरला वर्ष लागते. दिवसातून २४५१५४५ वजा करा, ३६५.२५ ने भागा, २००० मिळवा. २४६०६००.५ चे होतात २०२४.७९२६.

सगळे भरून झाले की पडताळा घ्या. ३१ जानेवारी २०१२ रोजी इरॉस पृथ्वीपासून सुमारे २ कोटी ६७ लाख किलोमीटरवरून गेला होता. सीनेरिओची तारीख तिथे न्या, एमजेडी (सुधारित ज्युलियन दिवस) ५५९५७, आणि अंतर मोजा. थोडाफार फरक चालेल, कारण साधे दीर्घवर्तुळ ग्रहांची ओढाताण धरत नाही. अंतर काही पटींनी जास्त आले तर कोन पुन्हा जोडा.

ही ओढाताण अपोफिस या लघुग्रहाच्या बाबतीत मात्र दुर्लक्षून चालत नाही. १३ एप्रिल २०२९ रोजी तो पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल आणि त्याची कक्षाच बदलेल. आजच्या आकड्यांवर काढलेले ठरावीक दीर्घवर्तुळ त्या तारखेनंतर निरुपयोगी आहे. पुढच्या काळासाठी वेगळी फाइल ठेवा.

लघुग्रह जागेवर आला, आता उतरायचे. जुन्या अ‍ॅड-ऑनमध्ये वेडावाकडा आकार ही नुसती दिसायची जाळी असते, यान टेकते ते त्रिज्येच्या गोलावर. इरॉस भुईमुगाच्या शेंगेसारखा, सुमारे ३४ किलोमीटर लांब आणि ११ रुंद. ८.४ किलोमीटर त्रिज्येच्या गोलाबाहेर त्याची टोके कितीतरी लांब जातात. तिथे यान खडकातून आरपार निघते, आणि मधल्या भागात जमिनीच्या वर अधांतरी उभे राहते. हा बिघाड नव्हे, त्या पद्धतीची मर्यादा आहे. लघुग्रह यान म्हणून बनवला असेल तर आणखी एक गोष्ट: ऑर्बिटरमध्ये यानांना गुरुत्वाकर्षण नसते, त्यामुळे त्याच्याभोवती कक्षा मिळणार नाही.

गुरुत्वाकर्षण असले तरी ते इतके कमी की नवख्याला कक्षा मोडलेली वाटते. इरॉसच्या केंद्रापासून ५० किलोमीटरवर कक्षेतला वेग सेकंदाला जेमतेम ३ मीटर आणि एक फेरी साधारण २९ तासांची. निअर शूमेकर यानाने २००० साली अशाच कक्षांतून इरॉसचे निरीक्षण केले होते. ऑर्बिटरमधल्या डेल्टाग्लायडर यानाचे मुख्य इंजिन सेकंदभर पूर्ण जोरात चालले तरी तुम्ही मुक्तिवेगापलीकडे जाता, कारण तो वेग इरॉसच्या पृष्ठभागावरही सेकंदाला १० मीटरच्या आसपासच आहे. फक्त छोटी थ्रस्टर वापरा आणि काळाचा वेग वाढवताना हात आखडता ठेवा.

डीएलएल (प्रोग्रामचा कोड असलेली फाइल) असलेले अ‍ॅड-ऑन ३२ बिटसाठी बांधलेले असेल तर ते ६४ बिटच्या ऑर्बिटरमध्ये चालणार नाही. त्यावर वेळ घालवू नका. ऑर्बिटर नुसते अनझिप करून चालते, तेव्हा प्रयोगांसाठी प्रोग्राम फाइल्सच्या बाहेर वेगळी प्रत ठेवणे उत्तम.

आणि शेकडो लघुग्रह भरून मंगळ-गुरूमधला लघुग्रहांचा पट्टा ‘खराखुरा’ करायचा मोह आवरा. यादीतला प्रत्येक गोल हिशेबात येतो, फ्रेम रेट (पडद्यावरचे चित्र बदलण्याचा वेग) कोसळतो. खरा पट्टा इतका विरळ आहे की १९७२-७३ मध्ये पायोनियर १० हे यान त्यातून सुखरूप पार झाले. साऱ्या पट्ट्याचे वस्तुमान चंद्राच्या ३ टक्क्यांच्या आसपास, आणि त्यातही पट्ट्यातल्या सर्वात मोठ्या गोलाचा, एकट्या सेरेसचा वाटा एक तृतीयांशाहून अधिक. ज्या दोन-चार लघुग्रहांवर जायचे आहे, तेवढेच बसवा.