श्रावणातले मोड: पेरून उरलेलं बियाणं भिजत घालू नका

खरिपाच्या पेरण्या उरकल्या की घरात मुगाची, मटकीची पाव-अर्धी पिशवी उरतेच. श्रावणात उसळी, बिरडी सुरू झाली की हात त्या पिशवीकडे जातो. तिथेच थांबा. विकत आणलेल्या बियाण्याला बहुतेक वेळा थायरम, कार्बेन्डाझिम, इमिडाक्लोप्रिड अशी बुरशी-किडी मारणारी औषधं लावलेली असतात. दाण्यावरचा गुलाबी, लाल किंवा निळा रंग ही त्याची खूण. चार पाण्यांनी धुवून रंग गेला, तरी औषध गेलं असं समजू नका. यातली काही औषधं आंतरप्रवाही असतात, दाणा पाणी पितो तेव्हा तीही आत शिरतात. असं बियाणं गुराढोरांना, कोंबड्यांनाही घालायचं नाही. घरच्या बियाण्याला रायझोबियम (मुळांना नत्र मिळवून देणारे जिवाणू) किंवा ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी बुरशी) लावलं असेल, तर तेही पेरणीपुरतंच. उरलेली पिशवी लेबलासकट, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी, धान्याच्या कोठीपासून लांब ठेवा.

मोडांसाठी घरचं, काहीही न लावलेलं कडधान्य घ्यावं. साठवताना एरंडेल चोळलं असेल तर कोमट पाण्याने नीट धुवा, नाहीतर दाणा पाणी लवकर घेत नाही. बोरिक पावडर किंवा पाऱ्याच्या गोळ्या घातलेल्या डब्यातलं धान्य मात्र या कामाला नको. भोकं पडलेले दाणे निवडून टाका. शंका असेल तर पेरणीआधी करतो तीच उगवण चाचणी करा: ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळून ठेवा आणि मोजा. पेरायला मुगाची 75 टक्के उगवण चालते. मोडांना मी नव्वदच्या खाली घेणार नाही. शेतात न उगवलेला दाणा मातीत जिरून जातो, फडक्यात तोच कुजतो आणि शेजारच्या दहांना नासवतो.

पावसाळ्यात मोड आणणं अवघड नाही. हवेत ऊब आणि ओल दोन्ही असतात, मूग-मटकी रात्री भिजवून सकाळी उपसली की दुसऱ्या सकाळपर्यंत कोंब दिसतो. पण जी ऊब कोंबाला मानवते तीच जंतूंनाही मानवते. म्हणून दोन गोष्टी पाळा. पहिली पाण्याची: या दिवसांत विहिरीचं, बोअरचं, नळाचं पाणी गढूळ येतं, भिजवायला आणि धुवायला उकळून गार केलेलंच घ्या. दुसरी हवेची: भिजलेलं धान्य पूर्ण निथळल्याशिवाय बांधू नका आणि गाठोडं गच्च आवळू नका. मोड फुटताना दाणे श्वास घेतात, त्यातून उष्णता निघते. किलोभर मटकीच्या गाठोड्यात मधोमध बोट घालून पाहा, बाहेरच्यापेक्षा आत चांगलंच गरम लागतं. बोटाला बुळबुळीत तार आली किंवा आंबूस वास आला, तर सगळं उकिरड्यात टाका. वरचं चांगलं दिसतं म्हणून ठेवू नका. जास्त धान्य असेल तर एकाच मोठ्या गाठोड्याऐवजी चाळणीत दोन बोटं जाडीचा थर पसरा, वर ओलं सुती फडकं घाला आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घालून पुन्हा निथळू द्या. फडकं दर वेळी उकळत्या पाण्यातून काढून वाळवलेलं हवं.

कोंबाच्या टोकाशी पांढरी लव दिसली की पुष्कळजणी बुरशी समजून फेकून देतात. बहुधा ती मुळांची केसं असतात. पाण्याखाली धरली की चिकटून दिसेनाशी होतात. बुरशी करडी किंवा काळपट असते, एका दाण्यावरून दुसऱ्यावर जाळं धरते आणि तिला कुबट वास येतो.

वालाला धीर लागतो. रायगडकडचे कडवे वाल रात्रभर भिजवून दीड-दोन दिवस बांधावे लागतात, मग कोमट पाण्यात घालून सोलले की डाळिंब्या तयार. भिजवलेलं पाणी ओतून द्यावं. हुलगेही सावकाश भिजतात. सगळ्यांतून टणक राहिलेले गणंग वेचून काढा, नाहीतर उसळीत दाताखाली येतात.

मोड कच्चे खाण्याची हल्ली टूम आहे. पावसाळ्यात तरी मी म्हणेन, उसळ करा, गोव्याकडच्यासारख्या मुगागाठी करा, पण शिजवून खा. 2011 साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलाय जंतूची साथ पसरली, पन्नासहून अधिक माणसं दगावली. माग निघाला तो बियाण्यापर्यंत. गरोदर बायका, लहान मुलं आणि म्हाताऱ्या माणसांना कच्चे मोड अजिबात देऊ नयेत. राजम्याचे मोड तर कोणीच कच्चे खाऊ नयेत. ज्वारीला खाण्यासाठी मोड आणू नका. कोवळ्या कोंबात तेच विष असतं ज्याने पावसाची ओढ बसल्यावर कोवळी ज्वारी खाऊन गुरं मरतात.

बचत गटाने मोड विकायचे असतील तर अन्न सुरक्षा नोंदणी आधी करा. पहाटे निथळलेला माल त्याच दिवशी खपेल एवढाच काढा. घरी उरले तर वरचं पाणी सुकवून फ्रिजमध्ये दोन दिवस ठेवा.

मुगाची तोडणी पावसात सापडली तर शेंगेतच कोंब फुटतात. तो मूग मोडांना घेऊ नका, वाळवून डाळीला काढा. नाचणीला मोड आणून सत्त्व करायचं असेल तर घाई नको: मोड आता येतील, पण ते वाळवायला ऊन कुठून आणणार? ते काम ऑक्टोबरवर ठेवा.