मराठी मजकुरासाठी हलके शोधपान

काही हजार मराठी लेखांच्या संग्रहात शोधाची सोय करायची असेल, तर पायथन, त्यातील फ्लास्क ही वेबपाने बनवण्याची चौकट आणि एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमधील एफटीएस५ हे मजकूर शोधण्याचे साधन एवढ्यावर काम भागते. जावास्क्रिप्टची एक ओळही लागत नाही.

सुरुवात सूचीपासून, म्हणजे कोणता शब्द कोणत्या लेखात आहे याच्या नोंदीपासून करावी, कारण ती बिघडली तर पान कितीही नीटनेटके असले तरी उत्तरे चुकीचीच येतात. एफटीएस५ मजकुराचे शब्द पाडण्यासाठी मुळात 'युनिकोड६१' ही पद्धत वापरते. ती मुख्यतः अक्षरे आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानते, त्यामुळे आपला काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त यांपाशी शब्द तुटतो. 'मान', 'मीन' आणि 'मौन' या तिन्हींचे 'म' आणि 'न' असे सारखेच तुकडे पडतात, आणि एक शोधला की तिन्ही समोर येतात. म्हणून तक्ता तयार करतानाच 'कॅटेगरीज' या पर्यायात मूळच्या वर्गांच्या जोडीला 'एमएन' आणि 'एमसी' हे काना-मात्रांसारख्या चिन्हांचे युनिकोडमधील वर्ग लिहावेत. 'तऱ्हा'मधला अर्धा र काही जण 'ऱ'ने, तर काही जण साध्या 'र'पुढे अदृश्य जोडचिन्ह देऊन टंकतात. सूचीत घालताना आणि शोधतानाही दोन्ही एकाच रूपात आणावेत.

यानंतर विभक्तीचा प्रश्न येतो. 'रस्ता' शोधणाऱ्याला 'रस्त्यावर' असलेला लेखही हवा असतो. शब्दाच्या शेवटची स्वरचिन्हे काढून 'रस्त' अवतरणचिन्हांत घालावे आणि त्यापुढे 'याने सुरू होणारा कोणताही शब्द' असे सांगणारे तारांकन (*) द्यावे, म्हणजे दोन्ही रूपे सापडतात. अवतरणचिन्हांमुळे वाचकाने टंकलेल्या संयोगचिन्हाने शोध कोसळण्याचा धोकाही टळतो. मात्र त्याच्या मजकुरातील दुहेरी अवतरणचिन्ह दुप्पट करायला विसरू नये. फार आखूड शब्दांना ही युक्ती लावू नये, आणि 'पाऊस'–'पावसात' यांसारख्या जोड्यांची वेगळी यादी ठेवावी.

पान मात्र साधेच असावे: 'गेट' पद्धतीचा एक फॉर्म, शोधचौकट आणि बटण. या पद्धतीत शोधशब्द पत्त्यातच राहतो, त्यामुळे निकालाचा दुवा कोणालाही पाठवता येतो. वेगळा फॉन्ट उतरवायला लावू नये, कारण देवनागरी बहुतेक फोनमध्ये असतेच; फक्त ओळींची उंची १.६ ठेवावी, म्हणजे वरच्या-खालच्या मात्रा एकमेकींना भिडत नाहीत. निकाल 'रँक'च्या चढत्या क्रमाने, म्हणजे उत्तम जुळणी आधी असे, मागवावेत आणि १० दाखवायचे असल्यास ११ मागवावेत. अकरावा आला तरच 'पुढील पान' हा दुवा द्यावा, म्हणजे एकूण संख्या मोजण्याचा खर्च वाचतो. एफटीएस५च्या 'स्निपेट' या सोयीकडून उतारा घेताना जुळलेल्या शब्दाभोवती थेट 'मार्क' हा शब्द उठून दाखवणारा टॅग घालू नये. आधी मजकुरात कधीही न येणारी खूण घालावी, सगळा उतारा एस्केप करावा (म्हणजे त्यातील टॅगसारखी चिन्हे साधा मजकूर म्हणूनच दिसतील अशी करावीत) आणि मगच त्या खुणेच्या जागी टॅग आणावा.