लम्पी: गाठ दिसायच्या आधीचे दिवस वहीत लिहा

जूनपासून ऑक्टोबरपर्यंतचा काळ नाशिक जिल्ह्यातल्या गाई-बैलांसाठी लम्पी त्वचारोगाच्या जोखमीचा काळ. दमट हवा, साचलेले पाणी, ओला उकिरडा, चावणाऱ्या माश्या आणि पोळ्याच्या तोंडावर बैलांची खरेदी-विक्री हे सगळे याच महिन्यांत एकत्र येते. हा रोग भारतात पहिल्यांदा २०१९ साली ओडिशात आढळला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तो जळगाव जिल्ह्यातल्या रावेर भागात दिसला आणि थोड्याच आठवड्यांत राज्यभर पसरला. सप्टेंबरमध्ये बैलबाजार, शर्यती, जनावरांची वाहतूक सगळे थांबवावे लागले. एवढे अंतर माशी उडून जात नाही. रोग पुढे गेला तो मुख्यतः टेम्पोतून, बाजारातून, दावणीला नव्याने बांधलेल्या जनावरातून. म्हणून औषध-फवारणीइतकीच निकड आहे ती कोण कधी आले आणि कोण कुठे गेले, याच्या नोंदीची.

रोगाचा विषाणू शेळी-मेंढीच्या देवीच्या विषाणूच्या कुळातला आहे. तरीही लम्पी शेळ्या-मेंढ्यांना होत नाही. गावाच्या कडेला मेंढ्यांचा वाडा बसला की संशयाने पाहणारे लोक आहेत; त्या मेंढपाळांना दोष देऊ नये. म्हशीला क्वचित आणि सौम्य होतो. गाय, बैल, कालवड, वासरू यांनाच त्याचा खरा फटका बसतो. वासरे आणि संकरित गाई लवकर खचतात, पण डांगी किंवा खिलार आहे म्हणून निर्धास्त राहू नये. साधारणपणे शंभरातल्या दहा ते वीस जनावरांना लागण होते आणि एक ते पाच दगावतात. वाचलेल्या गाईचे दूध मात्र घटते, गाभण गाय गाभडू शकते, बैल ऐन पेरणीत किंवा आंतरमशागतीत लंगडतो. माणसाला हा रोग होत नाही. दूध उकळून प्यायला हरकत नाही.

सुरुवात तापाने होते. ताप १०४ ते १०६ अंश फॅरनहाइटपर्यंत चढतो, डोळ्यां-नाकातून पाणी येते, तोंडातून लाळ गळते, चारा-पाणी सुटते. खांद्यापुढच्या आणि मागच्या पायापुढच्या लसिका ग्रंथी हाताला सुजलेल्या लागतात. त्यानंतर बहुधा दोन दिवसांत डोके, मान, पाय, कास अशा ठिकाणी दोन ते पाच सेंटिमीटरच्या गोल, टणक गाठी येतात. पित्ताच्या गांधीही अंगभर उठतात, पण त्या मऊ असतात, एकाएकी येतात आणि बहुतेक वेळा दिवसभरात बसतात. लम्पीची गाठ अशी दिवसभरात बसत नाही. शंका असेल तर अंदाज बांधत थांबू नका. पशुवैद्यक खपली, रक्त, नाकातला स्राव यांचा नमुना घेऊन पुण्याच्या औंधमधल्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवू शकतात, तिथून गरज पडल्यास भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत.

आता वहीबद्दल. गोठ्याच्या खांबाला दोरीने बांधलेली शंभर पानी वही पुरेशी आहे. तिच्यात रोज चार ओळी लिहाव्यात: कोणते जनावर आले किंवा गेले, ते कुठून किंवा कुठे, त्याच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक, आणि गोठ्यात बाहेरचे कोण येऊन गेले. बाहेरचे म्हणजे कृत्रिम रेतन करणारे, व्यापारी, नाल ठोकणारा, चाऱ्याची गाडी, शेजाऱ्याची उसनी नेलेली बैलजोडी, गाय दाखवायला नेलेला गावचा वळू. यातले शेवटचे दोन लिहायचे हमखास राहून जातात, कारण ते घरचेच वाटतात.

या वहीचा उपयोग कसा होतो ते एका हिशेबातून पाहू. समजा, २० ऑगस्टला कालवडीच्या मानेवर गाठी दिसल्या. ताप साधारण १८ तारखेला चढला असणार. विषाणू शरीरात शिरल्यापासून ताप येईपर्यंत बहुधा ४ ते १४ दिवस जातात. म्हणजे लागण ४ ते १४ ऑगस्टच्या दरम्यान झाली. हा काळ लांबू शकतो, म्हणून रोगनियंत्रणासाठी २८ दिवस धरतात. तसे मागे गेले तर आपण २१ जुलैपर्यंत पोहोचतो. आता वहीतली २१ जुलै ते १४ ऑगस्टची पाने उघडा. त्या दिवसांत घोटीच्या बाजारातून बैल आला होता का? येवल्याच्या पाहुण्यांकडून गाय आणली होती का? कालवडीला रेतनासाठी दुसऱ्या वस्तीवर नेले होते का? सापडलेल्या प्रत्येक ठिकाणी त्याच दिवशी फोन गेला पाहिजे, कारण तिथेही आजारी जनावर असेल आणि त्यांना पत्ता नसेल. मग उलट दिशेने बघा. ऑगस्टच्या सुरुवातीपासून आपल्या गोठ्यातून कोणते जनावर बाहेर गेले? ज्याने ते नेले त्याला सांगा, की वेगळे बांध आणि रोज ताप मोज. हा फोन करायला जीव कचरतो, नाते बिघडेल असे वाटते. पण न सांगितल्याने त्याची दावण रिकामी झाली, तर ते नाते कशानेच सांधले जाणार नाही.

गावपातळीवर हेच काम ग्रामपंचायतीच्या भिंतीवर करता येते. शिवाराचा हाताने काढलेला नकाशा लावा, वस्त्या आणि मळे दाखवा. ज्या गोठ्यात गाठी दिसल्या तिथे लाल ठिपका द्या आणि शेजारी तापाची तारीख लिहा. मालकाचे नाव लिहायची गरज नाही, आणि लिहूही नये. आठवडाभरात ठिपके बोलू लागतात. एकाच वस्तीत लागून लागून ठिपके पडत असतील तर काम माश्या-डासांचे आहे: तिथला उकिरडा, गटार, साचलेले पाणी यांच्यावर जोर द्या. मधली चार वस्त्यांची जागा कोरी सोडून ठिपका एकदम पलीकडे उमटला, तर जनावर किंवा गाडी फिरली आहे. तिथे वही मागवा. तारखा एकसारख्या असतील, तर सगळ्यांना एकाच जागेहून लागण झाली असावी, बहुधा एखाद्या बाजाराहून किंवा मिरवणुकीहून. नाशिकच्या हद्दीवरच्या गावांनी ठिपके पलीकडच्या तालुक्यांचेही धरावेत. नांदगावला चाळीसगाव लागून आहे, येवल्याला कोपरगाव आणि वैजापूर, सिन्नरला संगमनेर, इगतपुरीला अकोले आणि शहापूर, सुरगाण्याला गुजरातचा डांग. रोग जिल्ह्याची हद्द पाहत नाही आणि सोयरिकीही पाहत नाहीत.

गाठ दिसली त्या क्षणी जनावर दावणीतून सोडून लांब, सावलीत, शक्यतो मच्छरदाणीखाली बांधा. कामाचा क्रम उलटा होऊ देऊ नका: निरोगी जनावरांचे चारा-पाणी, दूध-धार आधी, आजारी जनावर सगळ्यांत शेवटी, आणि त्याची बादली, दोर, घमेले वेगळे. आजारी गाईखाली वासरू सोडू नये. दूध काढून, उकळून, कोमट करून पाजावे. १९६२ या क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. जनावरांतील संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार कळवणे आणि आजारी जनावर वेगळे ठेवणे ही मालकाची जबाबदारीच आहे. दूध संकलन बंद होईल या भीतीने लोक लपवतात, हे मला समजते. महिन्याचा हप्ता त्या दुधावर असतो. पण लपवलेल्या एका गाईमुळे सगळी गल्ली आजारी पडली की दूध मग संकलनाला उरतच नाही.

विषाणूवर थेट औषध नाही. ताप, वेदना आणि जखमांतला जंतुसंसर्ग यांवरच उपचार होतात आणि ते डॉक्टरांनीच ठरवावेत. फुटलेल्या गाठींत अळ्या पडू देऊ नका. कडुनिंबाचा पाला उकळून गार केलेल्या पाण्याने जखम रोज धुवा, मऊ हिरवा चारा आणि गुळाचे पाणी द्या. खाणारे जनावर बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत सावरते.

लसीचे गणित तारखेचे आहे. आपल्याकडे गायवर्गाला शेळीच्या देवीची लस देतात. पुरेशी प्रतिकारशक्ती यायला सुमारे तीन आठवडे लागतात. म्हणजे पोळ्याच्या आठवड्यात टोचलेला बैल पोळ्याला सुरक्षित नसतो. ज्यांचे यंदाचे लसीकरण राहिले आहे त्यांनी आजच दवाखान्यात नाव द्यावे. चार महिन्यांपुढच्या निरोगी जनावरांना लस देतात, दरवर्षी पुन्हा द्यावी लागते. ताप असलेल्या किंवा गाठी आलेल्या जनावराला लस नको. प्रत्येक जनावराला नवी सुई, यावर अडून बसा. एकच सुई दहा जनावरांत फिरली तर माशीचे काम आपणच केल्यासारखे होते. टोचल्यावर थोडी सूज, एखाद-दोन दिवस ताप किंवा दुधात किंचित घट येऊ शकते, घाबरू नये. गावात रोग आला तर भोवतालच्या पाच किलोमीटरमधल्या निरोगी जनावरांना लस दिली जाते. आपला मळा त्या घेऱ्यात येत असेल तर बोलावण्याची वाट पाहू नका.

चावणारी माशी रक्त पिताना मधेच हाकलली गेली की तोंडाला रक्त घेऊन शेजारच्या जनावरावर बसते. लम्पी गोठ्यात फिरते ती अशी. ही माशी बहुतेक पायांवर चावते. जनावरे दिवसा सारखे पाय आपटत असतील तर ती वाढली आहे असे समजा. तिची अंडी-अळ्या मूत्राने भिजलेल्या शेणात आणि कुजक्या चाऱ्यात वाढतात. गव्हाणीखालचा उरलेला ओला चारा रोज काढा, उकिरडा गोठ्यापासून लांब न्या आणि प्लास्टिकच्या कागदाने घट्ट झाका. इगतपुरी, पेठ, सुरगाण्यात सततच्या पावसाने जनावरे दिवसेंदिवस आत बांधलेली असतात, तिथे उघडीप मिळताच पहिले काम हेच. सायंकाळी डासांसाठी कडुनिंबाचा धूर करा. गोचिडांवर आणि माश्यांवर कीटकनाशक वापरायचे तर डॉक्टरांना विचारून, कास आणि गव्हाण टाळून, आणि दूध किती दिवस वापरायचे नाही हे विचारून घेऊनच. जमीन धुताना आधी शेण पूर्ण काढा, नंतरच दोन ते तीन टक्के सोडियम हायपोक्लोराइट शिंपडा. शेणावर ओतलेले जंतुनाशक वाया जाते.

पोळा जरूर साजरा करा. गावात किंवा शेजारच्या गावात ठिपका असेल तर मात्र बैल वेशीत नेऊ नका. खांदेमळणी, आंघोळ, पुरणपोळीचा घास सगळे आपल्याच विहिरीवर आणि अंगणात करा. झुली, मोरक्या, वेसण उसन्या घेऊ-देऊ नका. मालेगाव किंवा घोटीच्या बाजारातून बैल घेतलाच, तर लसीची तारीख विचारा, बिल्ल्याचा क्रमांक लिहा आणि त्याला २८ दिवस वेगळ्या गोठ्यात ठेवा. जागा नसेल तर शेताच्या दुसऱ्या टोकाला खुंटी ठोका.

बरे झालेल्या जनावराच्या गळलेल्या खपल्या झाडून जाळाव्यात. त्यांत विषाणू महिनाभराहूनही जास्त टिकतो. बरा झालेला वळू किमान दीड महिना गाईला लावू नका. जनावर दगावले तर पंचनामा आधी, मग आठ फूट खड्डा, वर चुना. ओढ्यात किंवा माळावर टाकू नये.

दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या बैलगाड्या येऊ लागतील. त्यांचे बैल महिनोन्‌महिने आपल्या शिवारात राहतात, आपल्याच पाणवठ्यावर येतात. टोळी उतरेल त्या दिवशीच मुकादमाकडून बिल्ल्यांचे क्रमांक आणि लसीच्या तारखा वहीत उतरवून घ्या आणि ज्यांची लस राहिली आहे त्यांची यादी दवाखान्यात द्या.